फाल्गुनातलं हिरवं गवत

प्रति,
गावोगावच्या लहान पाझर तलावांची देखभाल ज्यांच्याकडे आहे ते सर्व अभियंते आणि अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

साहेब, मॅडम, मी बालाघाटच्या डोंगरात राहणारी शेतकरी बाई आहे. आमच्या गावाच्या वर एक पाझर तलाव आहे आणि आमची वस्ती त्याच्या बांधाच्या बरोबर खाली, ओढ्याच्या काठाला आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की हे पत्र त्या एका गावाच्या फाइलीला लागेल, आणि मला जे सांगायचंय ते अशा प्रत्येक तलावाचं आहे ज्याच्या खालच्या अंगाला माणसं झोपतात.

होळी झाली की आमच्याकडे माळ वाळून पार पांढरा पडतो. जनावरांना हिरवी काडी मिळत नाही. पण बांधाच्या पायथ्याला, सांडव्यापासून, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून जातं त्या वाटेपासून, ऐंशीएक पावलांवर, एका जागी हरळी हिरवीगार असते. तिच्यात लव्हाळाही येतो. आम्ही बायका विळे घेऊन तिथेच जातो. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे असं काही नव्हतं. आठ-नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा सुपाएवढा ओला तुकडा दिसला. मग तो अंथरुणाएवढा झाला. आता खोलीएवढा आहे, आणि पावसाळा संपताना त्यात चप्पल रुतते. आम्हाला आधी ते तलावाचं देणंच वाटायचं. भर उन्हाळ्याच्या तोंडावर गाईला हिरवा चारा मिळतोय, तर कोण कशाला तक्रार करील?

तक्रार केली ती माझ्या सासूबाईंनी. १९७२ च्या दुष्काळात हा बांध घातला तेव्हा त्या कामावर होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, दिवसभर माती वाहायची आणि संध्याकाळी मुकादमापुढे मस्टरवर अंगठा. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन त्या दिवसांत लोकांनी हे तलाव उभे केले. कामाचं त्यांना अजून सगळं आठवतं. मधल्या गाभ्याला काळीच माती हवी म्हणून ती खालच्या मळईतून आणली. दोन्ही बाजूंना मुरूम टाकला. माती वीतभर पसरायची, पाणी शिंपडायचं, ढेकळं फोडायची, मग रूळ फिरायचा, आणि तो थर दबल्याशिवाय दुसरी पाटी टाकू द्यायचे नाहीत. कोरडं ढेकूळ दिसलं की मुकादम ओरडायचा. बांधाच्या आधी खाली खोल चर खणून तोही काळ्या मातीनंच भरला होता. त्यांनी ओला तुकडा पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "हितं पाणी यायला नको. आपण हितं काळी माती भरली होती."

ते ऐकून मी अर्ज लिहिला. त्याचं पुढे काय झालं ते एका वाक्यात सांगते: एका कार्यालयानं तलाव दुसऱ्याकडे वर्ग झाल्याचं सांगितलं, दुसऱ्यानं तो आपल्या यादीत नसल्याचं सांगितलं, आणि तिसऱ्या ठिकाणी मला उत्तर मिळालं, "बाई, पाझर तलाव आहे. पाझरणारच."

हे उत्तर मला एकटीला मिळालेलं नाही. आजूबाजूच्या तीन गावांतल्या माणसांनी तेच ऐकलंय, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते. पाझर तलाव पाझरतो तो तळातून. पाणी जमिनीत मुरतं, खडकाच्या भेगांतून खाली जातं आणि अर्ध्या कोसावरच्या विहिरींना फुटतं. त्यासाठीच तो बांधला. बांधाच्या अंगातून पाणी बाहेर येणं हे त्याचं काम नाही. थोडा ओलावा कुठल्याही मातीच्या बांधाला येतो, हे मान्य. त्यासाठी पायथ्याला दगडाचा थर आणि वाळूची गाळणी ठेवतात, म्हणजे पाणी एकटं निघून जातं आणि माती जागेवर राहते. भीती आहे ती पाण्याबरोबर माती निघायला लागण्याची. खालच्या टोकाला एक कण सुटतो, त्याच्या मागचा सुटतो, आणि बांधाच्या पोटात उलट्या दिशेनं, तलावाकडे सरकत एक नळी कोरली जाते. बाहेरून बांध जसाच्या तसा दिसतो. ती नळी पाण्यापर्यंत पोचली की मग मोजायला तास उरतात, कधी तेवढेही नाहीत.

म्हणून मी गेली दोन वर्षं बाटल्या भरते. दर सोमवारी, पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत, त्या ओल्या जागेतून जिथे पाणी झिरपून ओघळ धरतं तिथे पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली लावते. घरी आणून देवळीत ठेवते आणि रात्रभर हलवत नाही. सकाळी तळाशी काय बसलंय ते बघते. बहुतेक वेळा काहीच नसतं, पाणी आरपार दिसतं. बाटलीवर तारीख लिहिते. गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या सोमवारी तळाला करंगळीच्या नखाएवढा काळा गाळ बसला होता. बोटावर घेऊन चोळला तर चिकट लागला. मुरमाचा गाळ रवाळ लागतो, हातावरून निसटतो. ही गाभ्यातली माती होती. पुढच्या सोमवारी पाणी पुन्हा नितळ आलं, त्याच्या पुढच्याला पुन्हा थोडा गाळ. ती बाटली मी झाकण घट्ट लावून जपून ठेवली आहे. झिरपाही मोजते. दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघते आणि तलावात पाणी किती दगडांपर्यंत आहे ते शेजारी लिहिते, कारण पाणी चढलं की झिरपा वाढणं साहजिक आहे. पाणी तेवढंच असून बादली लवकर भरली तर ते साहजिक नाही. हे शिकायला मला अभियांत्रिकीचं पुस्तक लागलं नाही. तलावाच्या कामावर मिस्त्री म्हणून राहिलेल्या, आता हयात नसलेल्या एका आजोबांनी पारावर बसून दोन संध्याकाळींत शिकवलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा तलावाची एवढी काळजी कशाला. मग तिवरे आठवा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली. किमान १९ जीव गेले. माणसं घरात होती, जेवणं होत होती. धरणाला गळती आहे हे गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण पोखरल्याचं सांगितलं आणि राज्यभर त्यावर खूप बोललं गेलं. मला त्या वादात पडायचं नाही. बिळांनी बांध पोखरतो हे खरंच आहे. आमच्या बांधातही खेकड्यांची बिळं आहेत, घुशींची आहेत, एका ठिकाणी साळिंदरानं उकरलंय. पण बिळं एका रात्रीत होत नाहीत. ती दिसतात. दरवर्षी बांधावरून चालत गेलं, गवत काढून पाहिलं, बीळ सापडलं की उकरून काळ्या मातीनं थर देत बुजवलं, तर ती बिळंच राहतात, त्यांचा बोगदा होत नाही. तिवऱ्याच्या त्या वाडीबद्दल वाचलं तेव्हापासून मी पावसाळ्यात मुलांना घराच्या वरच्या खोलीत झोपवते. आमच्या वस्तीत सगळ्यांना वरची खोली नाही.

आणखी एक रात्र सांगते. परवाच्या सप्टेंबरमध्ये डोंगरावर ढगफुटीसारखा पाऊस झाला. रात्री अकराच्या सुमाराला गडी माणसं बॅटऱ्या घेऊन बांधावर गेली. सांडव्यावर मासेवाल्या ठेकेदाराची जाळी ताणलेली होती, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. तिच्यात वाहून आलेलं तूर-पऱ्हाटी, वेडी बाभूळ, प्लास्टिक अडकून भिंत झाली होती. त्याशिवाय सांडव्याच्या तोंडाशी उन्हाळ्यात कुणीतरी मातीच्या गोण्या रचल्या होत्या, पाणी हातभर जास्त साठावं म्हणून. पाणी बांधाच्या माथ्यापासून दीड हातावर होतं. पोरांनी कोयत्यानं जाळी कापली, गोण्या पायानं लोटल्या, आणि पाणी उतरायला लागलं. माझा थोरला त्यांच्यात होता. तो घरी आला तेव्हा त्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि तो बोलत नव्हता.

मातीच्या बांधावरून पाणी जाऊन चालत नाही. दगडी बांधावरून गेलं तर तो काही काळ सोसतो. मातीचा सोसत नाही, खालच्या उतारावरून माती कापत पाणी मागे मागे येतं. गुजरातमधल्या मोरबीचं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असंच गेलं. पूर आला तो सांडव्याच्या ताकदीच्या बाहेरचा होता, पाणी मातीच्या बाजूंवरून वाहिलं आणि दोन्ही बाजू वाहून गेल्या. मोरबी शहर पाण्याखाली गेलं. त्या धरणाचा सांडवा मोठा होता, दारांचा होता. आमचा सांडवा म्हणजे डोंगराच्या कुशीत कापलेला एक रुंद चर. त्याचं तोंड जाळीनं आणि गोण्यांनी अर्धं बंद केलं तर काय उरतं? मासेमारीचा ठेका देताना करारात एक ओळ टाकली, सांडव्यावर जाळी लावायची नाही, आणि पावसाळ्यात कुणीतरी एकदा येऊन पाहिलं, तर हा धोका एका दिवसात संपतो. एवढ्यासाठी निधी लागत नाही.

इथे मला आमच्या गावाबद्दलही बोललं पाहिजे. गोण्या बाहेरच्यांनी रचल्या नव्हत्या. पायथ्याचा मुरूम घरांच्या भरावाला आमच्याच ट्रॅक्टरनं नेला आणि तिथे खड्डा पडला, म्हणजे बांधाचा पायच कापला. गाळ काढायची योजना आली तेव्हा शेतात गाळ मिळतोय म्हणून जेसीबी पार बांधाच्या पोटाला भिडवला. त्या गाळानं बांधालगतचा तळ झाकला गेला होता आणि बांधाखालून येणारा झिरपा कमी राहत होता, हे आम्हाला कळलं नाही आणि तिथे उभ्या असलेल्या कुणी सांगितलंही नाही. उसाच्या ट्रॉल्या माथ्यावरून जातात, चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचतं आणि उतारावर घळी पडतात. सगळ्यांत वाईट म्हणजे पाइप. दोघांनी तलावातल्या विहिरीवरून मोटारीचे पाइप शेतात न्यायला बांध आडवा फोडला, पाइप टाकला आणि वरून सैल माती लोटली. सासूबाईंनी डोक्यावरून वाहून थरावर थर दाबलेली माती, आणि तिच्यात अशी एक पोकळ फट. पाइपाच्या बाहेरच्या अंगानं पाणी वाट काढतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्याचं दुखणंही मोरीपाशीच, म्हणजे बांधाच्या पोटातून पाणी सोडायच्या वाटेपाशीच, सुरू झालं होतं, मोरीवरचा भराव खचत गेला. आदल्या रात्री जवानांनी वाळूच्या गोण्या टाकून बांध सकाळपर्यंत धरून ठेवला, म्हणून पुण्यात पाणी दिवसाउजेडी शिरलं आणि लोकांना पळायला अवसर मिळाला. ते पाइप कुणाचे आहेत हे गावाला ठाऊक आहे. एक आमच्या भावकीतला आहे. मी त्याला घरी जाऊन सांगितलं. त्याचं म्हणणं, साहेब येऊन काढ म्हणाले तर काढतो, तुझ्या म्हणण्यावरून का काढू? मला त्याचा राग आला, पण त्याचं उत्तर मी विसरले नाही. ज्या बांधाला कुणी मालकच दिसत नाही त्याला माणसं अशीच वागवतात.

आता कायद्याचं. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला. त्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी आहे, आपत्कालीन आराखडा आहे, जबाबदारी कुणाची ते लिहिलंय. चांगला कायदा आहे. पण तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या अशांना ज्यांची लांबी निदान ५०० मीटर किंवा साठा निदान १० लाख घनमीटर असेल, किंवा तशीच आणखी एखादी अट पूर्ण होत असेल. आमचा बांध नऊ मीटरच्या आतबाहेर. तो त्यात बसत नाही. दुष्काळी कामांतून आणि रोजगार हमीतून झालेले बहुतेक पाझर तलाव त्यात बसत नाहीत. त्यांचं वय आता पन्नाशीला आलंय किंवा पन्नाशी ओलांडून गेलंय. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. एखाद्या लहान तलावात एक लाख घनमीटर पाणी असेल तर डोंगरउतारावर एक लाख टन वजन एका मातीच्या भिंतीला टेकून उभं आहे, आणि खाली वस्ती आहे. ती वस्ती बऱ्याचदा तलाव झाल्यानंतर वाढलेली असते. बांधला तेव्हा खाली नुसती शेतं होती. आमचंच घर तलावापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. म्हणजे बांध तोच राहिला आणि धोका मोठा झाला, पण कुठल्या कागदावर ही गोष्ट नोंदलेली नाही.

मी तुमच्याकडे नवा बांध मागत नाही. मला हवंय ते असं. प्रत्येक लहान तलावावर एक पाटी लावा, आणि तिच्यावर या तलावासाठी जबाबदार असलेल्या माणसाचं पद आणि फोन लिहा. आम्ही तीन कार्यालयांत फिरलो ते त्या एका ओळीसाठी. मग त्या माणसाला वर्षातून दोनदा बांध चालायला लावा, रोहिणी सरता सरता एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, आणि त्या वेळी गावातली दोन माणसं बरोबर असू द्या, त्यांतली एक बाई. चाऱ्याला कुठे हिरवं आहे ते बायकांना माहीत असतं. गुरं राखणाऱ्या पोरांना बिळं माहीत असतात. ही माहिती सरकारी नोंदवहीत उतरली पाहिजे, तोंडी राहता कामा नये. माझ्या बाटल्यांना आज काहीच किंमत नाही, कारण त्या कुणाच्या वहीत नाहीत.

झाडांबद्दल घाई करू नका. बांधावर बाभळी आणि बोरी वाढल्या की कुणीतरी येतं आणि बुंध्यातून तोडून निघून जातं. फोटोत बांध स्वच्छ दिसतो. मुळं आत कुजतात आणि चार वर्षांनी जिथे मूळ होतं तिथे पोकळ नळी उरते. कोवळं झुडूप उपटा. मोठं झाड असेल तर तलाव कोरडा असताना मुळासकट काढा, खड्डा मोकळा करा आणि पाणी शिंपडून थराथरानं दाबून भरा. सासूबाईंच्या मुकादमाला जे कळत होतं तेवढं निविदेत लिहा.

आणि गळतीवर वरच्या अंगाला सिमेंट फासू नका. शेजारच्या गावात ते केलं, पुढच्या वर्षी पाणी दोन हात बाजूला निघालं. खालच्या बाजूला वाळू, खडी, मग मोठे दगड असा गाळणीचा थर द्या, पाण्याला वाट द्या आणि मातीला अडवा. किती जाड, किती लांब, ते तुमचं शास्त्र आहे. त्यासाठीच तर तुम्ही हवे आहात.

शेवटी खालच्या वस्तीचं. पाणी गढूळ झालं तर कुणी कुणाला फोन करायचा, रात्री कुठल्या टेकावर जायचं, म्हाताऱ्यांना कोण उचलायचं, हे आम्ही आमचं ठरवलंय. मंदिराच्या भोंग्यावरून सांगायचं आणि शाळेच्या टेकावर जमायचं. पण वीज नसली तर भोंगा वाजत नाही, आणि अशा रात्री वीज नसतेच. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या कारम धरणाचं ऑगस्ट २०२२ मध्ये काय झालं ते आठवा. बांधकाम चालू असलेल्या त्या मातीच्या धरणाला गळती लागली. १८ गावं रिकामी केली, पोकलेननं बाजूनं चर काढून पाणी मोकळं केलं, आणि जीव वाचले. गळती त्यांनाही चुकली नाही. ती दिसल्यावर मात्र पुढचे दिवस कुणी कुणाच्या यादीची वाट पाहिली नाही.

मृग तोंडावर आला आहे. आज तलाव कोरडा आहे, तळाला भेगा आहेत, सांडवा पायी ओलांडता येतो, बिळं उघडी दिसतात, आणि पाइपाची ती आडवी खूण बांधावर अजून स्पष्ट आहे. पाऊस पडला की गवत उगवेल आणि हे सगळं झाकलं जाईल. म्हणून या पंधरवड्यात या. सकाळी लवकर या, तिरप्या उन्हात खचलेली जागा चटकन दिसते. चहा आमच्याकडे घ्या. देवळीतल्या बाटल्या तारखांसकट दाखवते.

आणि सासूबाईंना भेटा. तलावाचा नकाशा कुठल्याच कार्यालयात सापडला नाही. मधली काळी माती कुठून कुठपर्यंत आहे, चर किती खोल गेला, कुठल्या टप्प्याला शेवटी घाईत मुरूमच लोटला, हे त्या बांधावर उभ्या राहून काठीनं दाखवतात. त्यांना आता चढावं लागलं तर दोघांचा आधार लागतो. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत.

आपली,
बांधाखालच्या वस्तीतली एक शेतकरी